रक्तातल्या होड्या आणि धक्क्यावरचे हमाल

मुलांनो, ‘हार्ट ॲटॅक’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? कुणाचे तरी आजोबा, नाही तर शेजारचे पोट सुटलेले काका. हो ना? पण पहिलीत जाणाऱ्या मुलीला हृदयविकार आहे असं कुणी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, “काहीतरीच काय!”

पण हे खरंच घडलं आहे. गोष्ट आहे १९६८ च्या सुमाराची. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ बेथेस्डा इथे सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं मोठं रुग्णालय आहे. तिथे जोसेफ गोल्डस्टीन नावाचे एक तरुण डॉक्टर काम करत होते. वय जेमतेम अठ्ठावीस. त्यांच्याकडे बहीण-भावाची एक जोडी आली. बहीण सहा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. दोघांनाही हृदयविकार! रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलचा आकडा हजाराच्या घरात. तुमच्या वयाच्या मुलांमध्ये हा आकडा १७० च्या आत असला तर डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणतात. इथे तो जवळजवळ सहापट होता.

आता विचार करा. सहा वर्षांच्या मुलीनं असं खाऊन खाऊन किती खाल्लं असेल? किती लोणी, किती अंडी? ती सिगारेट ओढत नव्हती, ऑफिसात खुर्चीवर बसून राहत नव्हती, तिला पैशांची काळजी नव्हती. मग तिच्या हृदयाच्या नळ्या म्हाताऱ्या माणसासारख्या का चोंदल्या? गोल्डस्टीन आणि त्यांचे मित्र मायकेल ब्राऊन या दोघांच्या डोक्यात हा प्रश्न जो शिरला, तो पुढे कधी निघालाच नाही. त्याचं उत्तर शोधताना त्यांनी वैद्यकशास्त्राचं एक नवं दालनच उघडलं.

कोलेस्टेरॉल खलनायक नाही!

आधी या कोलेस्टेरॉलची नीट ओळख करून घेऊ. बिचारं फार बदनाम झालं आहे. टीव्हीवरच्या जाहिराती पाहून वाटतं, हा कुणी तरी राक्षस आहे. खरं म्हणजे कोलेस्टेरॉल नसेल तर आपण एक दिवसही जगू शकणार नाही.

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंच असेल. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असतं. ते फार कडकही नको आणि फार ढिलंही नको. ते तसं राखण्याचं काम कोलेस्टेरॉल करतं. जेवण पचवणारा पित्तरस त्याच्यापासूनच तयार होतो. उन्हात गेल्यावर त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, तेही कोलेस्टेरॉलच्याच एका भावंडापासून. मिसरूड फुटणं, आवाज फुटणं हे बदल घडवणारी संप्रेरकंही त्याच्यापासूनच बनतात.

इतकी महत्त्वाची वस्तू शरीर फक्त जेवणाच्या भरवशावर कशी सोडेल? म्हणून आपलं शरीर रोज सुमारे एक ग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतं. त्यात यकृत, म्हणजे लिव्हर, सगळ्यांत पुढे. आहारातून येतं ते त्याहून बरंच कमी. आणि तेसुद्धा फक्त दूध, तूप, अंडी, मांस अशा प्राणिजन्य पदार्थांतून. कधी तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं छापलेलं पाहिलंय? गंमत अशी की शेंगदाण्याच्या, करडईच्या किंवा तिळाच्या तेलात ते मुळात नसतंच म्हटलं तरी चालेल! म्हणजे ‘आमच्या बैलाला शिंगं दोनच आहेत’ अशी जाहिरात करण्यासारखं झालं.

होड्या, धक्का आणि हमाल

पण एक अडचण आहे. कोलेस्टेरॉल स्निग्ध असतं आणि रक्त पाण्यासारखं. पाण्यात तेल मिसळत नाही, हे तुम्हाला आमटीवरचा तवंग पाहून ठाऊक आहेच. मग हा माल रक्तातून पेशींपर्यंत जायचा कसा?

त्यासाठी शरीरानं होड्या बनवल्या आहेत. आत स्निग्ध माल आणि बाहेरून प्रथिनाचं वेष्टन. त्यातल्या मुख्य होडीचं नाव एलडीएल. ही होडी इतकी चिमुकली असते की अशा सुमारे ४५,००० होड्या एकापुढे एक लावल्या तर कुठे एक मिलिमीटर अंतर भरेल! तरी एकेका होडीत कोलेस्टेरॉलचे दीड हजारांच्या आसपास रेणू भरलेले असतात. (एचडीएल नावाच्या दुसऱ्या होड्या जास्तीचा माल गोळा करून परत नेण्याच्या कामी येतात.)

आता अशी कल्पना करा की रक्त ही नदी आहे आणि पेशी म्हणजे काठावरची गावं. प्रत्येक गावाला एक धक्का आहे आणि धक्क्यावर हमाल उभे आहेत. एलडीएलची होडी आली की हमाल तिला धरतो आणि मालासकट आत घेऊन जातो. माल उतरवला की हमाल रिकाम्या हातानं पुन्हा धक्क्यावर हजर. अशी एक खेप व्हायला साधारण दहा मिनिटं लागतात. एक हमाल सुमारे वीस तास टिकतो आणि तेवढ्यात शंभराहून अधिक खेपा मारतो. एस.टी.च्या गाड्याही एवढ्या फेऱ्या मारत नाहीत! या हमालाला शास्त्रज्ञ ‘एलडीएल रिसेप्टर’ म्हणतात. सर्वांत जास्त हमाल कुठे असतात? यकृताच्या धक्क्यावर.

आता हमालच नसतील तर काय होईल? होड्या येतील, पण माल उतरणार नाही. त्या दिवसेंदिवस नदीत फिरत राहतील. नव्या होड्या तर येतच राहणार. मग गर्दी होईल आणि काही होड्या काठाच्या भेगांत घुसतील. रोहिण्यांच्या, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत नेमकं हेच होतं. एलडीएल भिंतीच्या आत शिरून अडकतं. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळत सुटतात, फुगतात आणि शेवटी तिथेच मरून पडतात. वर्षानुवर्षं हा गाळ साठत जातो. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असते. एखाद्या दिवशी गाळावरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि रस्ता बंद! हाच हार्ट ॲटॅक.

बशीतल्या पेशींनी सांगितलेलं गुपित

आज हे सगळं आपण गोष्टीसारखं वाचतो. पण १९७० साली हमाल नावाची काही चीज आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल वाढतं आणि लोक कमी वयात दगावतात, एवढं मात्र ठाऊक होतं. नॉर्वेतल्या ओस्लो शहरात कार्ल म्युलर नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशी १७ कुटुंबं अभ्यासली होती. त्यांतल्या कित्येकांच्या टाचेमागच्या आणि बोटांच्या शिरांवर पिवळसर गाठी होत्या. त्या कोलेस्टेरॉलच्याच होत्या! पुढे १९६४ मध्ये लेबनॉनच्या बैरुत शहरात अवेदिस खचदुरियन यांनी दाखवून दिलं, की या घराण्यांत आजाराचे दोन प्रकार असतात. काहींना सौम्य आणि काहींना अगदी तीव्र.

ब्राऊन आणि गोल्डस्टीन टेक्सास राज्यातल्या डल्लास शहरी गेले. तिथे त्यांनी एक युक्ती केली. माणसाच्या यकृतावर प्रयोग करणं कठीण. म्हणून त्यांनी त्वचेचा अगदी छोटासा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. काही पेशी निरोगी माणसांच्या आणि काही त्या बहीण-भावासारख्या आजारी मुलांच्या.

निरोगी पेशी मोठ्या शहाण्या निघाल्या. त्यांच्या बशीत एलडीएल घातलं की त्या आपला घरचा कोलेस्टेरॉलचा कारखाना बंद करत. बाहेरून आयता माल येतोय, मग कशाला राबा? एलडीएल काढून घेतलं की कारखाना पुन्हा सुरू. पण आजारी मुलांच्या पेशी? बशीत कितीही एलडीएल ओता, त्यांचा कारखाना धडधड चालूच!

असं का? दोघांनी एलडीएलवर किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली आणि ते कुठे जातं ते पाहिलं. निरोगी पेशींना ते चिकटलं आणि आत गेलं. आजारी मुलांच्या पेशींना ते चिकटलंच नाही. दारात माल होता, पण आत घ्यायला कुणी नव्हतं. म्हणून पेशीला वाटत होतं, आपल्याकडे दुष्काळ आहे. बाहेर महापूर आणि आत दुष्काळ! हमालाचा शोध लागला तो असा, १९७३-७४ मध्ये. या कामासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

निसर्गाची नाणेफेक

मग या मुलांना हमाल का नव्हते? कारण हमाल बनवण्याच्या नकाशातच चूक होती.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून येतं. त्यांवर शरीर घडवण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या सूचना म्हणजे जनुकं. एलडीएल रिसेप्टरची सूचना एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. ती सुमारे ४५,००० अक्षरांची आहे. एवढ्या लांब मजकुरात छपाईची चूक कुठेही होऊ शकते आणि होतेही. आजवर अशा दोन हजारांहून जास्त वेगवेगळ्या चुका सापडल्या आहेत. एखाद्या चुकीमुळे हमाल तयारच होत नाही. दुसरीमुळे तो तयार होतो, पण धक्क्यापर्यंत पोचत नाही. तिसरीमुळे पोचतो, पण त्याला होडी धरता येत नाही.

आता नीट लक्ष द्या. ही सूचना आपल्याजवळ दोन प्रतींत असते. एक प्रत चुकीची असली तरी दुसरी बरोबर असेल, तर निम्मे हमाल तयार होतात. अशा माणसाचं कोलेस्टेरॉल जन्मापासून साधारण दुप्पट असतं. पण त्याला काही दुखत नाही, खुपत नाही. तो खेळतो, धावतो, नोकरी करतो. उपचार केले नाहीत तर मात्र अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आतच हृदयविकार गाठतो. स्त्रियांमध्ये तो साधारण दहा वर्षं उशिरा येतो.

आणि दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तर? मग त्या बहीण-भावासारखी अवस्था होते. असं मूल लाखांत एखादंच. पण एक प्रत चुकीची असणारी माणसं मात्र दुर्मीळ नाहीत. जगभरातल्या पाहण्यांतून दिसतं, की सुमारे तीनशे माणसांमागे एक जण असा असतो. तुमच्या शाळेत पंधराशे मुलं असतील, तर या हिशेबानं सरासरी पाच जण! आणि त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे एक चुकीची प्रत असेल, तर प्रत्येक मुलाकडे ती येण्याची शक्यता किती? निम्मी. अगदी नाणेफेकीसारखी. आणि नाण्याला मागचं काही आठवत नाही, बरं का! ताईला मिळाली म्हणून दादा सुटला, असं होत नाही. प्रत्येकाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. हे कुणाच्या पापाचं फळ नाही, की आईवडिलांची चूकही नाही. आपल्या नाकाचा आकार कुणी निवडला होता का? तसंच हे.

स्टॉर्मीची गोष्ट

टेक्सासमध्येच स्टॉर्मी जोन्स नावाची एक छोटी मुलगी होती. तिच्या दोन्ही प्रती चुकीच्या होत्या. कोलेस्टेरॉल हजारावर. सहाव्या वर्षापर्यंत तिला हृदयविकाराचे झटके येऊन गेले, शस्त्रक्रिया झाल्या आणि तरीही हृदय पार थकलं. नुसतं हृदय बदलून उपयोग नव्हता, कारण नव्या हृदयाच्या रोहिण्याही त्याच पुरात सापडल्या असत्या. मग डॉक्टरांनी विचार केला. सर्वांत जास्त हमाल यकृताच्या धक्क्यावर असतात ना? मग धक्काच नवा बसवला तर?

१४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉर्मीला एकाच वेळी नवं हृदय आणि नवं यकृत बसवलं. असं ऑपरेशन जगात त्याआधी कधीच झालं नव्हतं. काही आठवड्यांतच तिचं एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी खाली आलं! ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी बशीत पाहिलेलं खरं ठरलं. यकृतातले हमालच नदी साफ ठेवतात.

स्टॉर्मी शाळेत गेली, खेळली. नोव्हेंबर १९९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिचं निधन झालं. शरीरानं ते परकं हृदय शेवटी स्वीकारलं नाही. तिला सहा वर्षं जास्त मिळाली आणि तिच्यामुळे जगाला फार मोठी माहिती मिळाली.

पण प्रत्येक मुलाला नवं यकृत कुठून आणायचं? काहीतरी सोपा मार्ग हवा होता. आणि तो सापडला बुरशीत!

तांदळावरच्या बुरशीतलं औषध

जपानच्या अकिता प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबात १९३३ मध्ये अकिरा एंडो यांचा जन्म झाला. आजोबांच्या मागे मागे फिरताना त्यांना अळंब्या आणि बुरशींचा नाद लागला. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचं चरित्र वाचून तो नाद आणखी वाढला. मोठेपणी ते औषध कंपनीत शास्त्रज्ञ झाले. त्यांच्या मनात आलं, की काही बुरशी शत्रूशी लढताना त्याचा कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ बनवणारा कारखाना बंद पाडत असतील का? तसं असेल तर ते अस्त्र आपल्या कामाचं!

मग सुरू झाला शोध. दोन वर्षांत एंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून जास्त बुरशी तपासल्या. सहा हजार! तुम्ही एखादं गणित किती वेळा चुकल्यावर वही मिटता? अखेर क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत हवं ते सापडलं. साल होतं १९७३. म्हणजे तिकडे डल्लासला हमाल सापडत होता तेव्हाच!

पण पुढे पंचाईत झाली. उंदरांना ते औषध दिलं तर काहीच फरक पडेना. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. एंडोंनी ते कोंबड्यांना देऊन पाहिलं, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल झपाट्यानं उतरलं. १९७८ मध्ये ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी या आजाराच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला हे औषध दिलं. कोलेस्टेरॉल कमी झालं, पण तिच्या स्नायूंना अशक्तपणा येऊ लागला. मग डॉक्टर औषधाची मात्रा बेतानं ठरवायला शिकले. याच जातीचं एक औषध, लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज या औषधांना ‘स्टॅटिन’ म्हणतात आणि जगभर कोट्यवधी लोक ती घेतात. तुमच्या घरातही कुणी आजी-आजोबा रात्री अशी एखादी गोळी घेत असतील. एंडो २०२४ मध्ये, नव्वदीत, वारले.

या गोळीची खुबी फार छान आहे. ती पेशीचा घरचा कारखाना मंद करते. मग पेशीला कोलेस्टेरॉलची टंचाई भासते. ती काय करते? धक्क्यावर आणखी हमाल नेमते! नदीतल्या होड्या भराभर आत ओढल्या जातात आणि पूर ओसरतो. ज्याची एक प्रत बरोबर आहे, त्या प्रतीकडून जास्त काम करून घ्यायचं, एवढंच. ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यांना मात्र याचा उपयोग कमी. त्यांच्यासाठी रक्तातलं एलडीएल गाळून काढणारी यंत्रं आहेत आणि हमालांवाचून काम भागवणारं एक औषधही २०२१ पासून आलं आहे.

हमालांना घरी बसवणारा मुकादम

गोष्ट इथे संपली असं वाटलं का? नाही! २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना काही चमत्कारिक कुटुंबं सापडली. कोलेस्टेरॉल भरमसाट, पण हमालाच्या सूचनेत एकही चूक नाही. मग बिघाड कुठे? तो निघाला पहिल्या गुणसूत्रावरच्या पीसीएसके-नाइन नावाच्या जनुकात.

हा पीसीएसके-नाइन म्हणजे धक्क्यावरचा मुकादम. तो हमालांना पकडून कायमचं घरी बसवतो. मुकादम वेळेवर काम करत असेल तर ठीक. पण या फ्रेंच कुटुंबांत तो अतिउत्साही झाला होता. दिसेल त्या हमालाला घरी पाठवत होता!

हे वाचून डल्लासच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या डोक्यात उलटा प्रश्न आला. मुकादम आळशी असेल तर? तर हमाल जास्त दिवस टिकतील आणि कोलेस्टेरॉल कमी राहील. अशी माणसं असतात का? त्यांनी शोधलं आणि ती सापडली! अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांपैकी दर शंभरात दोन-तीन जणांच्या मुकादमाच्या सूचनेत अशी चूक होती. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं. आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत हृदयरोगाचं प्रमाण? ८८ टक्क्यांनी कमी! हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका तरुण स्त्रीत तर हा मुकादम मुळी नव्हताच. तिचं एलडीएल होतं फक्त १४, आणि ती ठणठणीत होती.

म्हणजे पाहा, छपाईची चूक नेहमीच वाईट असते असं नाही. कुणाला ती शाप ठरते, तर कुणाला वरदान. शास्त्रज्ञांनी त्या भाग्यवान लोकांची नक्कल करायचं ठरवलं. मुकादमाला पकडून ठेवणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आली.

आणि २८ टक्के कमी कोलेस्टेरॉलनं धोका एवढा का घटला? कारण त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. गाळ एका दिवसात साठत नाही. तो थेंबाथेंबानं साठतो. म्हणून लवकर सुरुवात केली तर थोडासा फरकही मोठा ठरतो.

मुलं आईबाबांच्या पुढे गेली!

याचा सुंदर पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. तिथे एका घरात हा आजार सापडला की त्या माणसाच्या भावंडांची, मुलांची, काका-मावश्यांची तपासणी करायची पद्धत सुरू झाली. एक दोरा ओढला की सगळी वीण उलगडावी तसं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये अशा २१४ मुलांना स्टॅटिनचे उपचार सुरू झाले. मुलं होती ८ ते १८ वर्षांची, अगदी तुमच्याएवढी. वीस वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. हे औषध त्यांच्या आईवडिलांच्या लहानपणी नव्हतंच. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्या आजारी पालकांपैकी शंभरात २६ जणांना हृदयरोगानं गाठलं होतं. आणि या मुलांपैकी? शंभरात फक्त एकाला!

जनुक तेच, घराणं तेच. फरक एवढाच की मुलांना वेळेवर कळलं होतं.

आता आईबाबांसाठी चार शब्द. सगळा हृदयविकार काही एका जनुकामुळे होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकांचे छोटे छोटे वाटे असतात आणि त्यात तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बैठी सवय यांची भर पडते. भारतासह दक्षिण आशियातल्या पाच देशांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी, असं तिच्यात दिसलं. त्याचं मोठं कारण हेच होतं, की धोक्याच्या या गोष्टी आपल्या लोकांत तरुणपणीच दिसू लागतात. म्हणून मैदानावरचा खेळ, भाजी-भाकरी, उसळी आणि तंबाखूला ठाम ‘नाही’ हे सगळ्यांसाठीच आहे. तूप-लोण्यातली स्निग्धता जास्त झाली की यकृतावरचे हमाल कमी होतात, हेही लक्षात असू द्या.

पण घरात कुणाला तरुणपणी, म्हणजे पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठीच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ‘नशीब’ म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना हे सांगा. रक्ताच्या एका साध्या तपासणीत एलडीएल कळतं. ते खूप जास्त निघालं, तर मुलांचंही तपासून घ्या. गोळी द्यायची की नाही, केव्हा आणि किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. साधारण आठ-दहा वर्षांनंतर त्याचा विचार होतो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ. एक मोठा कागद घ्या आणि आपल्या घराचा वंशवृक्ष काढा. वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, मग काका, आत्या, मामा, मावशी, मग तुम्ही भावंडं. प्रत्येकाच्या नावापुढे वय लिहा. कुणी वारलं असेल तर कशानं आणि कितव्या वर्षी, तेही विचारा. पण हळूच विचारा, कारण काही आठवणी दुखऱ्या असतात. आजीला विचाराल तर एकेका नावामागची गोष्टही ऐकायला मिळेल. कागद पुरा झाला की आईबाबांना दाखवा आणि जपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो बरोबर न्या. डॉक्टर खूश होतील, आणि कुणी सांगावं, त्या कागदामुळे घरातल्या एखाद्याला वेळेवर कळेलही!